दातांच्या दवाखान्यात न कळलेली साखर आणि बीपी: कुणाचं तपासावं, कधी पाठवावं?

एकखुर्ची: तालुक्याच्या गावी एका खुर्चीचं क्लिनिक आहे. पस्तिशी-चाळिशीपुढचे बरेच पेशंट "साखर-बीपी काही नाही" म्हणतात, पण कधी तपासलेलंच नसतं. ग्लुकोमीटर आणि दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन घेतोय. नेमकं कुणाचं तपासावं, किती आकड्याला फिजिशियनकडे पाठवावं आणि दाढ काढणं कधी पुढे ढकलावं? सरसकट सगळ्यांना सुई टोचणं शक्य नाही.

हिरडी: साखरेसाठी आधी चेन्नईत तयार झालेला आयडीआरएस (इंडियन डायबेटीस रिस्क स्कोअर, म्हणजे मधुमेहाच्या धोक्याचे गुण) काढा, दोन मिनिटांत होतो. वय ३५ ते ४९ ला २० गुण, ५० पासून पुढे ३०. कंबर बाईची ८० ते ८९ सेंमी किंवा पुरुषाची ९० ते ९९ असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. व्यायाम किंवा अंगमेहनत बेताची असेल तर २०, अजिबात नसेल तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली की बोट टोचा.

स्कोअर कमी असला तरी तोंडात काही दिसलं तर टोचाच. एका वेळी दोन-तीन हिरड्यांचे गळू, कीटण फारसं नसताना झपाट्याने झिजलेलं हाड, कोरडं तोंड, पुसल्यावर निघणारा पांढरा थर, दाढ काढल्यावर न भरणारी जखम. हिरडीतून येणारं रक्त स्ट्रिपवर घेऊ नका. त्यात लाळ मिसळते आणि आकडा फसवतो.

फिजिशियन_एमडी: टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायला सांगा. बोटाला केळं किंवा चहाची साखर लागलेली असेल तर आकडा उगाच चढतो. स्पिरिट लावलंत तर ते वाळू द्या. सुई बोटाच्या कडेला टोचा. स्ट्रिपची डबी लगेच बंद करा, पावसाळ्यात दमट हवेने स्ट्रिप खराब होतात.

जेवणानंतर किती वेळ झाला ते लिहून ठेवा. आकडा १४० ते १९९ (मिग्रॅ/डेसिलि) आला तर सवडीने उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी). २०० किंवा वर आला तर त्याच आठवड्यात. त्यासोबत ग्लानी, उलट्या, जोरजोरात श्वास असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल. १०० च्या वर मीटर १५ टक्के इकडेतिकडे जाऊ शकतो, म्हणून त्यावर निदान करू नका. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू आहे का, हे विचाराच, त्यानेही साखर चढते. एचबीए१सी लोहाच्या कमतरतेत खोटा वर जातो, सिकलसेलमध्ये भरवशाचा नसतो. गडचिरोली, नंदुरबार भागात सिकलसेल जास्त आढळतो, तिथे हे विशेष ध्यानात ठेवा.

एकखुर्ची: धन्यवाद डॉक्टर. दाढ ठणकत असताना बीपी वाढलेलंच दिसणार, त्याचं काय करायचं?

फिजिशियन_एमडी: वाढलेलं दिसलं म्हणून सोडून देऊ नका, नीट मोजा. तंबाखू-चहा होऊन अर्धा तास झालेला हवा. पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. खुर्ची आडवी करून मोजू नका. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा मशीनसोबतच घ्या. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढा. १४०/९० किंवा वर असेल तर दुखणं थांबल्यावर पुन्हा मोजा, तेव्हाही तेवढंच असेल तर पाठवा. वरचा १८० किंवा खालचा ११० गाठला तर दाढ काढणं पुढे ढकला. छातीत दुखणं, धाप किंवा अंधारी असेल तर थेट हॉस्पिटल.

हिरडी: भुलेबद्दल एक भर घालते. १:८०,००० च्या लिग्नोकेनमध्ये (भुलेच्या इंजेक्शनमध्ये) दर मिलिला १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनालिन असतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळतात, म्हणजे साधारण ३ मिलि. सुई शिरेत नाही ना, हे मागे ओढून बघा आणि सावकाश सोडा. ॲड्रेनालिनला घाबरून भूल अर्धवट देऊ नका. दुखलं की शरीर स्वतःच त्याहून जास्त सोडतं.

चिठ्ठीवाली: पाठवलेला पेशंट पोचतच नाही, खरी गळती तिथे होते. "तुम्हाला शुगर आहे" म्हणू नका. "आकडा जास्त आलाय, पक्कं करून घ्यायला हवं" एवढंच सांगा. चिठ्ठीवर आकडा, वेळ, शेवटचं खाणं, तोंडातली लक्षणं आणि "दाढ काढायची आहे, कळवावे" असं लिहा. खर्चाला कचरत असतील तर सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील लोकांची बीपी-साखर तपासणी मोफत होते, ते आवर्जून सांगा. आठवड्याने असिस्टंटने फोन करायचा आणि नोंद वहीत ठेवायची. टोचलेली लॅन्सेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.