मुलीचे जर्मनीतील शिक्षण : कर्जाला तारण काय द्यावे आणि तिथला रोजचा खर्च कसा भागवावा?

प्रश्न : एक पालक, जिंतूर (जि. परभणी)

नमस्कार. माझ्या मुलीने नांदेडहून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली असून जर्मनीतील एका सरकारी विद्यापीठात येत्या ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आहे. कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र तिने आधीच काढून ठेवले आहे. विद्यापीठाचे शिक्षण शुल्क नाही, प्रत्येक सत्राला सुमारे तीनशे युरो भरावे लागतील, एवढेच. परंतु व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाख रुपये, ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) अगोदर भरायचे आहेत आणि एवढी रक्कम आमच्याकडे एकत्र नाही.

मी अनुदानित शाळेत शिक्षक आहे. सहा एकर कोरडवाहू जमीन आहे, तीत सोयाबीन आणि कापूस होतो. गावठाणात राहते घर आहे आणि परभणीत गुंठेवारीतला, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या जमिनीतला, एक प्लॉट आहे. बँकेत चौकशी केली तेव्हा शेतजमीन तारण चालणार नाही, असे सांगण्यात आले. भावकीतील वडीलधारे दोन एकर विकून मोकळे व्हा म्हणतात, तर मुलगी म्हणते की तिथे गेल्यावर अर्धवेळ काम करून ती स्वतःचा खर्च काढेल. धाकटा मुलगा लातूरला बारावीत आहे, त्याचाही खर्च पुढे आहेच. कर्ज कशाच्या आधारावर मिळू शकेल आणि मुलीच्या कमाईवर आम्ही कितपत विसंबावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, लातूर

सर, मुलीचे मनापासून अभिनंदन. तारणाचा भाग आधी घेतो, कारण आपल्याकडचे बरेच अर्ज तिथेच अडतात. शेतजमीन चालत नाही यात शाखाधिकाऱ्याची आडकाठी नाही, त्यामागे कायद्याचे कारण आहे. थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून सातबारा कितीही स्वच्छ असला तरी मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी बँक तो पुढे करू देत नाही. गावठाणातील घराचीही अडचण असते, कारण ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठचा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा दस्तऐवज नव्हे. आपल्या हाती खरी आशा आहे ती परभणीच्या प्लॉटची. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाला आहे का, हे महापालिकेत जाऊन पाहावे. नियमितीकरणाचा दाखला, नोंदणीकृत खरेदीखत आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) एवढे हाती असेल तर अनेक शाखा त्यावर विचार करतात. दाखला नसेल तर आजच अर्ज द्यावा, कारण हे काम महिनोन्‌महिने रेंगाळू शकते.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ४ ते ७.५ लाखांपर्यंत जामीनदार चालतो आणि त्यापुढे तारण द्यावे लागते. तारण आपल्याच नावावरचे असले पाहिजे, असा नियम नाही. भावाचे किंवा मेव्हण्यांचे शहरातील बांधकाम परवानगीचे घर त्यांच्या संमतीने देता येते, मात्र ते त्या कर्जाला जामीनदार होतात, याची पूर्ण कल्पना त्यांना आधी द्यावी. मुदत ठेव आणि आयुर्विम्याच्या पॉलिसीचे समर्पण मूल्यही (ती मुदतीआधी बंद केल्यास मिळणारी रक्कम) तारणात धरले जाते; शिक्षकांकडे जुन्या पॉलिसी बहुधा असतातच, त्या कपाटातून बाहेर काढाव्यात. काही सरकारी बँका ठरावीक परदेशी विद्यापीठांच्या यादीसाठी विनातारण कर्ज देतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचे नाव त्या यादीत आहे का, हा प्रश्न दोन-तीन बँकांत जाऊन विचारावा. खासगी वित्तसंस्था लवकर कर्ज देतात, पण त्यांचा व्याजदर आणि प्रक्रिया शुल्क हिशेबात घेतल्याशिवाय सही करू नये.

अर्ज करताना निर्वाह खर्च हा कर्जाचा भाग म्हणून स्पष्ट लिहून घ्यावा. आपल्याकडच्या शाखांना शुल्क थेट महाविद्यालयाला पाठवायची सवय असते. जिथे शुल्कच नाही आणि सगळी रक्कम राहण्या-जेवणाचीच आहे, असे प्रकरण त्यांना नवखे वाटते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये रक्कम थेट वर्ग होईल, असे मंजुरीपत्रात नमूद करून घेतले की पुढची धावपळ वाचते. ४ लाखांवरच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जात साधारण १५ टक्के वाटा विद्यार्थ्याने स्वतः उभा करायचा असतो, तोही विसरू नये. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठविताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही, तर स्वतःच्या बचतीतून एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त पाठविल्यास वरच्या रकमेवर तो लागतो.

जमीन विकण्याचा विचार सर्वांत शेवटी ठेवावा, असे मी आग्रहाने सांगतो. व्हिसाची तारीख जवळ आली की गरजूचा भाव घेणारे गिऱ्हाईक दारात उभे राहते, आणि कोरडवाहूचे दोन एकर एकदा हातचे गेले की शिक्षकाच्या पगारात ते परत येत नाहीत. अभ्यासक्रमाच्या काळात आणि त्यापुढे साधारण वर्षभर हप्ता नसतो. त्या मुदतीतले व्याज आपल्या पगारातून दरमहा भरत राहिलात तर मुलीच्या डोक्यावरचा बोजा बराच हलका होतो, शिवाय जुन्या करप्रणालीत राहिल्यास या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

उत्तर : विद्यार्थिनी, मूळची अंबाजोगाईची, सध्या माग्डेबुर्ग

काका, ब्लॉक्ड अकाउंटमधील पैसा तुमच्या मुलीचाच असतो. तो कोणाला शुल्क म्हणून जात नाही, दरमहा ९९२ युरोप्रमाणे तिला परत मिळत राहतो. पहिला हप्ता मात्र ती उतरल्या दिवशी हातात पडत नाही. तिला आधी पत्त्याची नोंदणी करावी लागेल, मग तिथले बँक खाते उघडावे लागेल आणि त्यानंतर पैसे सुटू लागतील. नोंदणी साधारणपणे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाने दिलेले लेखी पत्र लागते. या मधल्या काळात घरभाड्याची अनामतही द्यावी लागते, जी कायद्यानुसार मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटशिवाय निदान दीड लाख रुपये फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवूनच तिला पाठवावे.

खर्चातील सर्वांत मोठा आकडा खोलीचा असतो आणि तो शहरागणिक फार बदलतो. माग्डेबुर्ग किंवा केम्निट्झसारख्या पूर्वेकडील शहरांत ९९२ युरोंत नीट राहता येते, म्युनिकमध्ये त्याच रकमेत ओढाताण होते. ‘श्टुडिरेंडनवेर्क’ ही विद्यार्थ्यांसाठीची संस्था वसतिगृहे आणि ‘मेन्सा’ नावाची खानावळ चालविते. तिच्या खोल्यांसाठी प्रतीक्षायादी असते, त्यामुळे व्हिसाची वाट न पाहता प्रवेशपत्र मिळाल्याबरोबर अर्ज करावा. खोली न दाखवता, किल्ली टपालाने पाठवितो म्हणून अनामत आधी मागणारे लोक भेटतील. त्यांना एक पैसाही देऊ नये. आरोग्य विम्याला दरमहा सुमारे १४० ते १५० युरो लागतात आणि ते टाळता येत नाहीत. रेडिओ-दूरदर्शनचे प्रत्येक घरामागे दरमहा १८.३६ युरो द्यावे लागतात, चार जणी एकत्र राहत असतील तर ते वाटून घेता येतात. शहरातल्या प्रवासाचा पास बहुतेक विद्यापीठांत सत्राच्या रकमेतच येतो.

जेवणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पैसा नकळत तिथेच जातो आणि परक्या गावी मन रमण्याचाही तो भाग आहे. बाहेर खाणे महाग पडते, तर डाळ, तांदूळ, बटाटे, कांदे, दूध आणि अंडी मोठ्या स्वस्त दुकानांत परवडतात. पोळीसाठी पाकिटावर ४०५ आकडा असलेले पीठ घेऊ नये, ते आपल्या मैद्यासारखे निघते. १०५० क्रमांकाच्या पिठाच्या पोळ्या बऱ्या होतात. काकूंना सांगावे की येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ, भरपूर करून द्यावे. रात्री उशिरा प्रयोगशाळेतून परतल्यावर फोडणीत पाणी उकळवून दोन चमचे येसर लावले की दहा मिनिटांत आमटी-भात होतो आणि घरच्या जेवणाचे समाधान मिळते. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, छोटा कुकर जरूर द्यावा. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ मात्र देऊ नयेत. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच बाजार करण्याची सवय तिला लावून घ्यावी लागेल.

उत्तर : माजी विद्यार्थी, नांदेड

सर, आपल्या शेवटच्या प्रश्नावर मला स्पष्ट लिहावेसे वाटते. पहिल्या वर्षी मुलीची कमाई शून्य धरूनच हिशेब मांडावा. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळावी लागते. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे, म्हणजे आठवड्याला २० तास काम मिळाले तर महिन्याला हजार युरोंच्या वर जाता येते. कागदावर हे फार दिलासादायक दिसते. परंतु जर्मन भाषा बी१, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत येत नसेल तर यांत्रिकीच्या कारखान्यात विद्यार्थी म्हणून काम मिळणे अवघड असते, मग गोदामात किंवा उपाहारगृहात रात्रपाळ्या कराव्या लागतात आणि त्याची किंमत पहिल्याच सत्राच्या परीक्षांमध्ये चुकवावी लागते. एखादा विषय राहिला तर अभ्यासक्रम एका सत्राने लांबतो आणि त्या सहा महिन्यांचा खर्च कमावलेल्या पैशांपेक्षा जास्त होतो. ऑक्टोबरपर्यंतचा वेळ तिने जर्मन शिकण्यात घालवावा. त्या भाषेवर खर्च केलेले पैसे सर्वांत आधी वसूल होतात.

दुसऱ्या वर्षाचा विचार आत्ताच करावा, असे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. निवास परवान्याची मुदत वाढविताना पुढच्या काळाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. तेव्हा कर्ज मंजूर करून घेतानाच ते दोन वर्षांच्या हिशेबाने, सुमारे २५ लाखांचे घ्यावे आणि उचल मात्र वर्षावर्षाने करावी. दुसऱ्या वर्षी तिला विद्यापीठात प्राध्यापकांकडे साहाय्यकाचे किंवा कंपनीत चांगले काम मिळाले, तर उरलेली रक्कम उचलण्याची गरजच पडणार नाही. विद्यापीठातील साहाय्यकाचे काम १४० दिवसांच्या मोजणीत धरले जात नाही.

शिष्यवृत्तीसाठीही प्रयत्न करावा. राज्य शासनाची अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर मागास आणि विमुक्त-भटक्या प्रवर्गांसाठी वेगळी योजना आहे आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ची आहे. या योजनांना उत्पन्नाची मर्यादा असते आणि जगातील विद्यापीठांच्या क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये विद्यापीठ असण्याची अटही येते, जिथे जर्मनीतील अनेक उत्तम सरकारी विद्यापीठे केवळ क्रमवारीमुळे बाहेर राहतात. क्रमवारीत बसणाऱ्यांपैकी हायडेलबर्ग आणि कार्ल्सरूह ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, आणि तिथे युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. जर्मनीत पोहोचल्यावर ‘डॉइचलांडश्टिपेंडियुम’ या दरमहा ३०० युरोंच्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. २०११ पासूनची ही योजना परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली आहे आणि तिच्यात गुणांना महत्त्व आहे. पहिल्या वर्षी अभ्यासाकडे लक्ष द्यावे, असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे.

प्रश्नकर्ते पालक, जिंतूर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ताई, येसराचे वाचून मुलीच्या आईने लगेच दळणाची तयारी काढली. गुंठेवारीचा दाखला नाही. उद्याच परभणीला जाऊन अर्ज देतो. लातूरच्या साहेबांना एक शंका विचारतो. माझ्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेचे पीककर्ज आहे. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत गावातील अनेकांचे माफ झाले, पुन्हा होईल या आशेने मी दोन हंगाम ते नवे-जुने केलेले नाही, म्हणजे जुने भरून नवे उचललेले नाही. मुलीच्या कर्जात सहकर्जदार मीच राहणार आहे. याने काही अडेल का?

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, लातूर

होय सर, अडेल. आणि दाखल्याच्याही आधी हे काम हाती घ्यावे. थकीत पीककर्ज सिबिलच्या (कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत दिसते. सहकर्जदाराची नोंद खराब असली की तारण चांगले असूनही अर्ज परत येतो. शाखेत जाऊन मुद्दल आणि व्याज पूर्ण भरावे, तडजोडीने कमी रक्कम भरून खाते बंद करू नये, कारण तशी नोंद पुढे कित्येक वर्षे राहते आणि शैक्षणिक कर्जाच्या वेळी तीच आडवी येते. भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचे पत्र, हातात घ्यावा. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे महिनाभराने अहवाल काढून नोंद सुधारली आहे का ते पाहावे आणि मगच मुलीचा अर्ज शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरावा. सौभाग्यवतींचे स्वतःचे उत्पन्न असेल किंवा आपले बंधू नोकरीत असतील, तर त्यांनाही सहकर्जदार म्हणून जोडता येईल का, हे शाखेला त्याच भेटीत विचारून घ्यावे.