मदत हवी आहे: भारत-पाकिस्तानवर इंग्रजीत बोलायचंय, शब्द ऐनवेळी दगा देतात

नमस्कार मंडळी,

बारावीपर्यंत मराठी माध्यम, राज्यशास्त्रात बी.ए. तेही मराठीतूनच, अंबाजोगाईला. आता दिल्लीत एम.ए. करतेय. वाचलेलं कळतं, लिहिणंही बऱ्यापैकी जमतं. सेमिनारमध्ये तोंड उघडायचं म्हटलं की मात्र बोंब.

गेल्या आठवड्यात सिंधू जलकरारावर बोलत होते. १९६०, कराची, नेहरू आणि अयूब खान, जागतिक बँक, इथवर गाडी छान चालली. मग मी म्हणाले, 'इंडिया सस्पेंडेड द ट्रीटी.' सरांनी हात वर केला. "कुणी सस्पेंड केला?" मी घाईघाईने तारीख सांगितली, २३ एप्रिल २०२५, पहलगाम हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांना तारीख नकोच होती. सरकारने वापरलेला शब्द हवा होता: 'हेल्ड इन अबेयन्स'. आता हे मला कसं सुचावं? आपल्या पेपरांत दोन्ही शब्दांना 'स्थगित'च!

त्याच दिवशी 'डेमार्श'चा (म्हणजे एका सरकारने दुसऱ्याकडे अधिकृतपणे मांडलेलं म्हणणं किंवा निषेध) उच्चार मी 'डेमार्चे' केला. त्याबद्दल काही लिहीत नाही.

सध्या एक वही केली आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. दीडशेच्या आसपास झालेत. पण उजवीकडे बघितलं तर 'चर्चा' हा एकच शब्द सहा ठिकाणी: टॉक्स, डायलॉग, डिस्कशन्स, कन्सल्टेशन्स, नेगोसिएशन्स, पार्लीज. 'शस्त्रसंधी'चीही तीच गत. १० मे २०२५ ला सगळे चॅनेल 'सीझफायर' म्हणत होते, आणि आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी लिहिलं होतं 'अंडरस्टँडिंग', गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्याबाबतची. मी कोणता शब्द म्हणायचा?

तीन आठवड्यांनी पुन्हा माझी पाळी आहे, विषय सिमला करार. शब्दकोश सुचवू नका, तीन आहेत. हे शब्द बोलताना योग्य जागी कसे येतील, ते सांगा.

प्रतिसाद: मोजणीवाला

ताई, मी भूमी अभिलेखमध्ये नोकरी करतो. मुत्सद्देगिरीशी संबंध शून्य, पण बांधाची भांडणं रोज बघतो. तुमचं सिमला म्हणजे आमचीच केस आहे.

'डिलिनिएट' म्हणजे हद्द नकाशावर आखणे. 'डिमार्केट' म्हणजे जागेवर जाऊन दगड रोवणे. आपण दोन्हीला 'सीमांकन' म्हणून मोकळे होतो. नियंत्रण रेषा सिमला करारानंतर, डिसेंबर १९७२ मध्ये, दोन्ही लष्करांनी नकाशांवर आखली, म्हणजे डिलिनिएट केली. पण ती एनजे ९८४२ या बिंदूशी संपते. १९४९ च्या कराची करारात त्यापुढे एवढंच लिहिलं होतं की तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे. उत्तरेला म्हणजे नक्की कुठे? त्याचंच सियाचिन झालं, १९८४ पासून. मोजणीच्या नकाशात 'पुढे ओढ्यापर्यंत' असं लिहून ठेवलं की दोन पिढ्या कोर्टात जातात, तसंच हे. चीनबरोबरची प्रत्यक्ष ताबारेषा तर धड नकाशावरही दोघांच्या संमतीने आखलेली नाही.

आणि सिंधू करारातलं नववं कलम एकदा वाचाच. तिथे 'क्वेश्चन', 'डिफरन्स' आणि 'डिस्प्युट' या तीन पायऱ्या आहेत. क्वेश्चन दोन्ही देशांच्या आयुक्तांनी आपसात सोडवायचा. नाही सुटला तर डिफरन्स, तो तटस्थ तज्ज्ञाकडे. बगलिहार धरणाचं तसं झालं, निकाल २००७ ला. डिस्प्युट लवाद न्यायालयात जातो, जसं किशनगंगा धरणाचं प्रकरण गेलं. आपण तिन्हीला 'वाद' म्हणतो. तुमच्या सरांसमोर चुकून 'डिस्प्युट' म्हणालात तर ते पुन्हा हात वर करतील.

प्रतिसाद: रात्रपाळी

बातम्यांच्या डेस्कवर अनेक वर्षं काढली, म्हणून लिहितोय. ती वही बंद करा. सुटे शब्द पाठ करून बोलता येत नाही, क्रियापदासकट जोडी हवी. निषेध 'लॉज' करतात, राजदूताला 'समन' करतात, स्वतःच्या राजदूताला 'रिकॉल' करतात, समोरच्याच्या माणसाला 'एक्स्पेल' करतात, संबंध 'डाउनग्रेड' करतात. हे रागाच्या चढत्या क्रमाने मांडून बघा, आपोआप लक्षात राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने आपल्या उच्चायुक्तांना परत पाठवलं आणि संबंध डाउनग्रेड केले. तेव्हापासून दोन्हीकडे 'शार्जे दाफेअर', म्हणजे उच्चायुक्त नसताना प्रमुख म्हणून काम बघणारे अधिकारी, कारभार बघतात. (हाही उच्चार आधीच पाठ करा.) आणि इस्लामाबादमध्ये आपली 'एम्बसी' नाही, 'हाय कमिशन' आहे, कारण दोन्ही देश राष्ट्रकुलात आहेत. पाकिस्तान १९७२ ला बाहेर पडला होता, १९८९ ला परत आला.

सरावासाठी एकाच घटनेवरची दोन्ही देशांची निवेदनं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. २३ एप्रिलचं आपलं, २४ चं त्यांचं. आपण सिंधू करार 'अबेयन्स'मध्ये ठेवला, तर त्यांनी तोच शब्द उचलून सिमल्यासह सगळे द्विपक्षीय करार तसे ठेवण्याचा आपला हक्क सांगितला. पाणी अडवलं तर 'ॲक्ट ऑफ वॉर' समजू, हेही त्यातच. म्हणजे तुमच्या पुढच्या विषयाची पहिली ओळ तयार झाली.

'सीझफायर' की 'अंडरस्टँडिंग'? सरकार काय म्हणालं हे सांगताना सरकारचाच शब्द, तो कुणाचा आहे हे बोलून दाखवत. स्वतःचं मत मांडताना तुमचा. मला तिथे सीझफायर म्हणायला काही वाटत नाही.

अजून एक गंमत. बैठकीनंतर 'फ्रँक' चर्चा झाली असं छापून आलं, की आत वाजलं असं समजायचं.

प्रतिसाद: सह्याद्रीपुत्र

इंग्रजीचा एवढा सोस कशाला? ठणकावून मराठीत बोला.

धागाकर्ती

@सह्याद्रीपुत्र, बोलले असते, पण वर्गात मराठी समजणारी मी एकटीच आहे.

@रात्रपाळी, दोन्ही निवेदनं काल रात्री मोठ्याने वाचली. रूममेट मणिपूरची आहे, तिने विचारलं, कुणाशी भांडतेयस? 'अब्जुअर' (कायमचं सोडून देणे) हा शब्दही आपल्याच निवेदनात सापडला. तो मी सध्या तरी तोंडाने म्हणणार नाही. 'गुड ऑफिसेस' आणि 'मीडिएशन' (मराठीत दोन्ही 'मध्यस्थी'च) यातला फरक मात्र अजून नीट बसत नाही. ताश्कंदला १९६६ मध्ये भारत-पाक कराराच्या वेळी सोव्हिएत रशियाने यातलं नक्की काय केलं? कुणी सांगेल का?

@मोजणीवाला, दादा, तुमचं वाचून घरी फोन केला. आमच्या काकांचा बांध आधी भावाभावांत क्वेश्चन होता, मग पंचांकडे डिफरन्स झाला. आता कोर्टाची तारीख लागली आहे. काका म्हणाले, "म्हणजे डिस्प्युट का? मग वकिलाला तसं सांगतो."