अधिग्रहण, संपादन आणि ‘सार्वजनिक हित’

प्रश्न (औसा, जि. लातूर):
उन्हाळ्यात टंचाई जाहीर झाली की ‘त्यांचा बोअर अधिग्रहणात आहे’ हे वाक्य आमच्याकडे रोजच्या बोलण्यात येते. बातम्यांत मात्र महामार्गासाठी गेलेल्या शेतालाही ‘अधिग्रहित जमीन’ म्हटलेले आढळते. दोन्हींसाठी एकच शब्द चालेल काय? राज्यशास्त्राच्या वर्गासाठी ‘व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि सर्वांचे हित’ या विषयावर टिपण लिहीत असल्याने ‘सार्वजनिक हित’, ‘जनहित’ आणि ‘सार्वजनिक प्रयोजन’ यांतील भेदही जाणकारांनी सांगावा, ही विनंती.

उत्तर (परभणी):
हे शब्द वेगळेच ठेवावेत. संविधानाच्या समवर्ती सूचीतील ४२ व्या नोंदीत संपत्तीचे संपादन आणि अधिग्रहण यांचा निरनिराळा उल्लेख आहे. संपादनात मालकी कायमची जाते. अधिग्रहणात ती मूळ मालकाकडेच राहते आणि केवळ वापर काही मुदतीपुरता शासनाकडे जातो, त्यामुळे टंचाई संपली की तोच बोअर पुन्हा मालकाच्या पिकाला पाणी देऊ लागतो. हिंदी वृत्तवाहिन्या भूसंपादनालाच ‘भूमि अधिग्रहण’ म्हणतात आणि आपले वार्ताहर ते तसेच उचलतात, एवढेच या गोंधळाचे कारण दिसते. ‘भूसंपादन’ हा रुळलेला शब्द हाताशी असताना ही उसनवारी कशासाठी, हे मला तरी कळत नाही.

आपल्या टिपणाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. उदारमतवादी लोकशाहीत सर्वांच्या हितासाठी एखाद्याच्या हक्काला हात लावता येतो, हे कोणी फारसे नाकारत नाही. खरा वाद किती हात लावायचा, किती काळ लावायचा आणि त्याची भरपाई कशी करायची, यावर असतो. गावाची तहान दोन-तीन महिने बोअर वापरून भागत असेल, तर त्यासाठी कोणी शेत संपादित करू म्हणणार नाही. महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे नियमन करणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. येथे ना संपादन आहे ना अधिग्रहण. हा निर्बंध आहे, म्हणजे जमीन आणि तिचा वापर दोन्ही मालकाकडेच राहून त्या वापरातील एका गोष्टीलाच मर्यादा पडते. निर्बंध, अधिग्रहण आणि संपादन या चढत्या क्रमाने शासनाला द्यावे लागणारे कारणही अधिकाधिक सबळ असले पाहिजे, असे मी विद्यार्थ्यांना सांगेन.

उत्तर (नांदेड):
‘हित’ आणि ‘प्रयोजन’ यांबद्दल थोडी भर घालतो. ‘सार्वजनिक हित’ हा दावा आहे आणि तो कोणीही करू शकतो. ‘सार्वजनिक प्रयोजन’ ही कायद्यातील संज्ञा असून २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्यात कोणकोणती कामे येतात ते नोंदवले आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती त्या कायद्यात आवश्यक मानली आहे. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र ही अट नाही. ‘जनहित’ हा शब्द आता जनहित याचिकेशी इतका जोडला गेला आहे की अन्यत्र तो वापरला तरी न्यायालयच आठवते.

टिपणात ‘वाजवी’ या शब्दाला अवश्य जागा द्यावी. अनुच्छेद १९ मधील निर्बंध वाजवी असले पाहिजेत. मात्र भाषणस्वातंत्र्यासंबंधीच्या खंडात हे विशेषण आरंभी नव्हते. ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. त्याच दुरुस्तीने निर्बंधाची कारणेही वाढवली, म्हणून तिचे सरसकट कौतुक करता येत नाही. पण ‘वाजवी’ आल्यामुळे निर्बंधाचे प्रमाण तपासण्याचा मार्ग न्यायालयाला या खंडापुरताही मोकळा झाला. २०१६ च्या मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत ती जमावबंदी अनेकांना वाजवी वाटली असेल. तोच आदेश पावसाळ्यानंतरही चालू राहिला असता, तर तसे म्हणता आले नसते. असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि त्यांतील निर्बंध गरजेच्या प्रमाणातच असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सांगितले.

उत्तर (पैठण):
वरील दोघांचे म्हणणे मान्य आहे. परंतु नाथसागराच्या काठावरून पाहिले तर ‘सार्वजनिक’ हा शब्द इतका निर्मळ दिसत नाही. जायकवाडीचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. त्या पाण्यावर शेते भिजली, शहरे आणि औद्योगिक वसाहती चालल्या, हे कोणी नाकारणार नाही. मात्र ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांना लोक ‘धरणग्रस्त’ म्हणू लागले, आणि पीडेचा अर्थ सांगणारा हा ‘ग्रस्त’ दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या शब्दांत येतो तोच आहे. सरकारी कागदांत त्यांच्यासाठी ‘प्रकल्पबाधित’ हा मवाळ शब्द येतो. सार्वजनिक हिताची बेरीज करताना ही माणसे ‘सार्वजनिक’ या शब्दात धरली जातात की बाहेर ठेवली जातात, एवढा प्रश्न टिपणात यावा.

मूळ प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. टिपणात तिन्ही पायऱ्या वेगळ्या मांडीन आणि पैठणच्या प्रश्नाने चर्चा सुरू करीन. शुद्धलेखनाची एकच शंका उरते: ‘अधिग्रहित’ लिहावे की ‘अधिगृहीत’?

उत्तर (परभणी):
व्याकरणाने ‘अधिगृहीत’ योग्य आहे, जसे ‘गृहीत’ आणि ‘संगृहीत’. ‘अधिग्रहित’ हे रूप ‘अधिग्रहण’वरून नंतर बनले, पण ते आता इतके रूढ आहे की वर्गात त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. ‘अधिग्रहीत’ असे दीर्घ ‘ही’चे तिसरे रूप मात्र टाळावे.