आजोबांच्या वहीतली पलुस्करी स्वरलिपी टाईप करायचीय, ठिपके जागेवर बसत नाहीत

पेटीवाला_अमळनेर:
राम राम मंडळी. माझे आजोबा इथे अमळनेरला शाळेत गाण्याचे मास्तर होते, त्यांच्या बंदिशींची वही माळ्यावर सापडलीय, दीडशेक पानं, सगळी विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वर लिहिण्याच्या पद्धतीने टाकाने लिहिलेली. दिवाळीपर्यंत टाईप करून घरच्यांसाठी छापायची आहे. नुसते फोटो छापले असते पण आत्याला, म्हणजे त्यांच्याकडे बसून शिकलेली आता तीच एक राहिलीय, बारीक दिसत नाही, तिला मोठ्या अक्षरात हवीय.
अडचण अशी की कोमल, म्हणजे थोड्या उतरलेल्या स्वराला खाली हलन्त आहे, म्हणून मी ग् टाईप करतो आणि पुढे म आला की त्याचं ग्म होऊन बसतं, युग्म मधलं! मंद्राचा, म्हणजे खालच्या सप्तकाचा ठिपका आणि तार, म्हणजे वरच्या सप्तकाची उभी रेघ मी फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः काढून प्रायव्हेट यूज एरियात (युनिकोडमध्ये स्वतःच्या चिन्हांसाठी मोकळी सोडलेली जागा) टाकली, पण ठिपका अक्षराच्या डोक्यावर न बसता शेजारी जाऊन पडतो. डीटीपीवाल्याकडे दिलं तर त्याने सगळे ठिपके चुकून पडलेले अनुस्वार समजून काढूनच टाकले. तीन आठवडे झाले, एक पान धड होत नाहीये.

अक्षरजुळारी_धुळे:
भाऊ, ग्म चा इलाज सोपा आहे, हलन्तानंतर झिरो विड्थ नॉन जॉइनर (अक्षरं जोडू न देणारं, न दिसणारं चिन्ह) टाका, ग् आणि म वेगळे राहतील. ठिपक्याचं कारण असं की प्रायव्हेट एरियातलं चिन्ह देवनागरी आहे हे सॉफ्टवेअरला कळतच नाही, तिथे ते अक्षरांची साखळी तोडून नवा तुकडा धरतं आणि दोन तुकड्यांमध्ये अँकर (चिन्ह अक्षराला कुठे चिकटायचं तो बिंदू) चालत नाही, तुम्ही फॉन्टमध्ये कितीही मेहनतीने लावलेला असो. म्हणून देवनागरीची म्हणून युनिकोडमध्ये आधीपासून आहेत तीच चिन्हं घ्या. उभ्या रेघेला वेदातल्या स्वरांसाठी दिलेलं ०९५१ नंबरचं चिन्ह, ठिपक्याला सरळ अनुस्वार. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट उतरवून घ्या, मुक्त परवान्याचा आहे आणि वैदिक चिन्हं त्यात आहेत, त्याची कॉपी करून दुसरं नाव द्या आणि फक्त अँकर सरकवा. ठिपका थोडा मोठा करा, आत्याबाईंना दिसला पाहिजे. टाईप करताना आधी मात्रा, मग अनुस्वार, शेवटी रेघ. क्रम उलटा झाला की तुटक ठिपक्यांचं गोल येतं आणि माणूस उगाच फॉन्टला दोष देत बसतो.

तापीकाठ:
फॉन्ट होईल हो दादा, पण ही वही पुढे कोण वाचणार ते आधी ठरवा. आता बहुतेक मुलं भातखंडे पद्धत, म्हणजे स्वर लिहिण्याची दुसरी पद्धत शिकतात. त्यात वरचा ठिपका म्हणजे तार सप्तक आणि खालचा म्हणजे मंद्र. तुमच्या आजोबांच्या पद्धतीत वरचाच ठिपका मंद्राचा! एकच पं, पण वाचणारा बदलला की दोन सप्तकांचा फरक. माझ्या क्लासमध्ये एका मुलीने असंच जुनं पान वाचायला घेतलं, खाली खर्जातल्या (मंद्र सप्तकातल्या) पंचमावर टेकायचं तिथे ती तार पंचमाला जायला बघत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या तिच्या, आणि मी चूक तिची समजत होते, त्याचं अजून वाईट वाटतं. म वरच्या उभ्या रेघेचंही तसंच, पलुस्करी वाचणाऱ्याला तो तार मध्यम आणि भातखंडेवाल्याला तीव्र म. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) आजोबांनी १ आणि खालीला (टाळी न देता हात मोकळा ठेवायच्या मात्रेला) + केलं असेल, भातखंडेत सम × आणि खाली ०. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय निघालं आणि पलुस्करांचे शिष्य गावोगाव शिकवायला गेले, तुमच्या वहीतली लिपी त्या वाटेने आलेली आहे, ती बदलून टाकू नका एवढीच विनंती. पहिल्या पानावर चिन्हांचा खुलासा मोठ्या अक्षरात द्या.

चोपड्याचा_पोरगा:
ताईंचं बरोबर आहे, म्हणून मी म्हणेन की ठिपका टाईपच करू नका, त्याचा अर्थ टाईप करा. युरोपात ग्रेगोरियन चँटची, म्हणजे चर्चमधल्या जुन्या गायनाची स्वरलिपी छापायला ग्रेगोरिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लेटेक्स या छपाईची पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरबरोबर चालतं. त्यात गाण्याचा शब्द लिहायचा आणि त्याला लागून कंसात स्वरांची साधी अक्षरं लिहायची, चार रेघांवरचे चौकोनी स्वर तो प्रोग्राम काढतो. तुम्ही एक्सेलमध्ये एका मात्रेला एक खाना धरा, तीनताल असेल तर १६ खाने, आणि त्यात ग-को-ख असं लिहा, म्हणजे ग कोमल खर्जातला. मग छोटी स्क्रिप्ट त्यातून पलुस्करी पण काढेल आणि भातखंडे पण, वही एकदाच टाईप करायची. मात्रा जुळवायला स्पेसबार अजिबात वापरू नका, नि आणि प ची रुंदी वेगळी, फॉन्ट साईज वाढवली की सगळी सम घसरते, टेबलच करा. स्क्रिप्ट मी लिहून देतो, दोन पानांचे फोटो टाका.

पेटीवाला_अमळनेर:
मंडळी, काल रात्री भूप रागाचं पहिलं पान झालं. शोभिकाचे अँकर सरकवले, ठिपका दीडपट केला, आता सा च्या डोक्यावर बरोब्बर बसतो. ताई, तुम्ही म्हणालात तसं डावीकडे आजोबांची पद्धत आणि उजवीकडे भातखंडे असं करतोय, आणि चोपडेकर भाऊंना फोटो पाठवलेत.
प्रिंट घेऊन सकाळी आत्याकडे गेलो. बोटाने एकेक मात्रा धरत गुणगुणत होती, दुसऱ्या ओळीत ध वर थांबली, म्हणाली इथे खर्ज नाही, बाबा इथे मधलाच ध घ्यायचे. मी म्हटलं वहीत ठिपका आहे. तिने वही मागवून घेतली, पान खिडकीत उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, "आरे, हाई ते भोक शे." कसरीने खाल्लेलं. आता टाईप करण्याआधी प्रत्येक पान तसंच उजेडासमोर धरून बघतोय, आज अकरा पानं झाली आणि आणखी चार भोकं सापडली.