तुमच्या गावचा जुना बँड: अनुभव लिहा

बोरीकाठची
परवा अमळनेरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. डीजे ठरला होता, पण काकांनी हट्ट धरला की मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत आपला जुना बँडच वाजेल. मला वाटलं, आता त्यात उरलंय कोण? 1998 ला माझ्या लग्नात हेच लोक होते. तेव्हा अठरा जण, आता नऊ. लाल कोट तेच, खांद्यावरची सोनेरी झालर उसवलेली. क्लॅरोनेटवाल्या मास्तरांना दोन पोरांनी हात धरून टेम्पोतून उतरवलं.

मास्तरांनी पत्ती जिभेवर ओली केली, एक लांब सूर लावला, आणि मी आहेराची पिशवी धरून रस्त्यातच उभी. तोच सूर! थोडा थरथरतो आता. वरच्या पट्टीत दम पुरेना की ट्रम्पेटवाला पोरगा हळूच तिथे शिरतो, ओळ पुरी करतो, आणि पुढची ओळ मास्तर पुन्हा उचलतात. अख्खी वरात मी तेवढंच ऐकत चालले. नाचणाऱ्यांचा धक्का लागत होता, पण बाजूला व्हावंसं वाटेना.

पाठवणीला त्यांनी जी धून वाजवली तीच माझ्या पाठवणीला वाजवली होती. तेव्हा मांडवाच्या खांबाला धरून वडील उभे होते. या वेळी त्या खांबाकडे बघवेना.

तुमच्या गावचं सांगा.

तापीकाठ
ताई, डोयामा पानी उनं.

पांझरावाली
आमच्या धुळ्यात बँड म्हणजे कानबाई देवीचा उत्सव! नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, रात्रभर जागरण, सोमवारी डोक्यावर घेऊन पांझरा नदीवर. माझ्या सासूबाई कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत, पण बँडने ताल धरला की चपला काढून फुगडीला उभ्या. मास्तर त्यांना बघून लय वाढवायचे, त्या थांबल्या की वाजवणं थांबायचं. सासूबाई गेल्या त्या श्रावणात बँड आमच्या दारासमोर आला तेव्हा न सांगता हळू वाजवत पुढे गेला. मी ओट्यावर बसून घेतलं. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

कापूसवाला
माझे वडील साईड ड्रमवर होते. शाळेच्या सुट्टीत मीही जायचो, डोक्यावर गॅसबत्ती घेऊन. लोकांना वाटतं वाजवणं सोपं. आपल्याकडे लग्नं मे महिन्यात, ऊन 44-45 डिग्री. पितळ इतकं तापतं की ट्रम्पेट ओठाला लावायच्या आधी ओल्या फडक्याने पुसावा लागतो. अवकाळी पाऊस आला की ढोलाचं चामडं सैल पडणार, मग मांडवामागे पऱ्हाटीच्या काड्या पेटवून ढोल शेकायचे. बाजे घासायचं काम आम्हा भावंडांकडे, चिंच आणि राख. बोटं आठवडाभर काळी.

नवं गाणं आलं की मास्तर रेडिओजवळ बसायचे. लिहिणं काही नाही, सगळं कानाने. दुसऱ्यांदा लागलं की मुखडा बोटांवर यायचा.

एका लग्नात उरलेले पैसे दिलेच नाहीत. सुपारीच्या रकमेवर रात्रभर वाजवून घेतलं, आणि सकाळी वडील दोन तास त्या मांडवात बसून राहिले. मी तेव्हा सहावीत. अजून त्या गावावरून एसटी गेली की मी दुसरीकडे बघतो.

बोरीकाठची
@कापूसवाला काय बोलू. वडिलांना नमस्कार सांगा.

कापूसवाला
सांगतो ताई. कानाला ऐकू कमी येतं आता, पण टेबलावर बोटं चालूच असतात.

रथचौक
जळगावचा श्रीरामाचा रथ कोणी आठवेना? कार्तिकी एकादशी, 1872 पासून निघतो. चाकाखाली मोगरी (रथ अडवायचं लाकूड) लावणारे बघायचे की बँड ऐकायचा, लहानपणी हाच प्रश्न. मोगरी बसली की रथ थांबतो, आणि त्या क्षणी नगारा नि बँड एकदम चढतात. पोटात कालवतं. बाबांच्या खांद्यावरून पाहिलाय मी.

चाळीसगावकर
आमचे मास्तर नागीण धून वाजवायचे तेव्हा म्हातारे पण रुमाल दातात धरून जमिनीवर. खरी बीनसुद्धा इतकी वाजत नाही.

सूरवेडा
@चाळीसगावकर मूळ गाण्यातही खरी बीन नव्हती! 1954 च्या ‘नागिन’ सिनेमातला तो आवाज संगीतकार कल्याणजींनी क्लॅव्हायोलिनवर, म्हणजे विजेवरच्या पेटीवर, काढलाय. आणि आपल्या लोकांनी तो क्लॅरोनेटवर उतरवला, ते पण कानाने. मला तर हे जास्त मोठं वाटतं.

चाळीसगावकर
काय सांगता! बाबांना सांगतो आत्ताच.

सातपुडा
आमच्या अक्कलकुव्याकडे बँड उशिरा आला. काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर गावोगावचे ढोल, कमरेला भोपळे नि घुंगरू बांधून नाचणारे, आणि पहाटे होळी पेटते. आजोबांचा ढोल घरात आहे. मी वाजवतो, पण त्यांच्यासारखा घुमत नाही. प्रयत्न चालू आहे.

पांझरावाली
आले परत. @बोरीकाठची पंगतीला काय होतं गं?

बोरीकाठची
वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बँडवाल्यांना आधी बसवलं काकांनी. मास्तरांच्या बट्टीवर तूप काकांनी स्वतः वाढलं.

पांझरावाली
वा! बट्टीत मक्याचं पीठ घालतात का तिकडे? माझी नेहमी दगड होते.

तापीकाठ
थोडं घाला, आणि पीठ जाडसर दळा. मोहन पण हवं.

एरंडोलची माहेरवाशीण
ताई, तो बँड मिळेल का? पोरीचं लग्न ठरलंय, वैशाखात.

बोरीकाठची
मिळेल. सुपारी द्यायला मात्र तुम्ही स्वतः जा, मास्तर फोनवर घेत नाहीत. आणि वरात लांबची असेल तर मध्ये एखाद्या ओट्यावर त्यांना बसायला खुर्ची नि माठातलं पाणी ठेवा. तिथून उठले की छान वाजवतात.