पद्मगडावर खडपांवरून (समुद्रातल्या खडकांवरून) चालत जायचंय, ओहोटीचं गणित कुणी सांगेल का?

पुणेरी_पायवाट:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी आम्ही चौघं मालवणला येतोय. गेल्या वर्षी सिंधुदुर्गाला जाताना होडीतून डावीकडे एक लहानसं बेट दिसलं. लेकीने (वय 12) होडीवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "तो पद्मगड. सुकतीक लोक चलत जातत." सुकती म्हणजे ओहोटी. तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे, आपण चालत जायचं.

डोंगराची आम्हाला सवय आहे. राजगडाचा बालेकिल्ला तिने दोनदा चढलाय आणि कातळावर पाय कसा टाकायचा ते तिला कळतं. समुद्रातले खडक मात्र आम्हाला नवीन. मी वेळा पाहिल्या तर अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमारास आहे. भरपूर उजेड, पोटभर न्याहारी, म्हणून तोच दिवस धरलाय. ठीक आहे ना? बूट कोणते घालावेत?

अलिबागचा_अण्णा:
आधी आमच्या कुलाबा किल्ल्यावर सराव करा. तिथेही ओहोटीला चालत जाता येतं आणि वर्दळ असल्यामुळे सोबत असते. तिथेसुद्धा परतायला उशीर करणारे दर मोसमात दिसतात. देवळात दर्शन, मग तोफा, मग फोटो, आणि बाहेर येईपर्यंत वाटेत पाणी. जाण्याची वेळ सगळे विचारतात, परतीची कुणी विचारत नाही.

दांडीची_पोर:
दादा, अष्टमीला जाऊ नका. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

माझं माहेर दांडीचं, पद्मगडासमोरचं. लहानपणी आजीबरोबर कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) फोडायला खडपांवर जायचे. आजीकडे घड्याळ नव्हतं, तिथी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण सहा, म्हणून सहाला भरती आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. तुम्ही काढलेली बाराची वेळ बरोबर आहे, पण अष्टमी म्हणजे भांग. भांगाला भरती लहान आणि ओहोटीही लहान. पाणी उतरतं, पण तळ दाखवत नाही. पुनवेला आणि अवसेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण येतं. त्या उधाणाची ओहोटीच खरी खोल असते, आणि तिचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवस टिकतो. म्हणून तृतीया बघा. तिनाचे पाऊण सव्वादोन, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास पाणी सर्वात खाली. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यात मीटरचा आकडाही बघून घ्या. दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात.

हे एवढं जीव तोडून सांगतेय कारण मी स्वतः चुकलेय. कॉलेजात असताना मुंबईचे मामेभाऊ आले होते. आजी तेव्हा आजारी होती, तिला न विचारता आम्ही नवमीला दुपारी निघालो. जाताना पाणी गुडघ्यापर्यंत. बेटावर तासभर बसलो. परतताना कमरेला लागलं आणि मधल्या खळग्यात छातीपर्यंत आलं. भीती खोलीची नव्हती, ओढीची होती. बेटाच्या दोन्ही अंगांनी पाणी आत येतं आणि मध्ये पायाखालची वाळू सरकवतं. धाकटा भाऊ घसरला, आधारासाठी खडक धरला आणि कालवांच्या कडांनी त्याचा तळवा अंगठ्याखाली उभा चिरला. खाऱ्या पाण्यात रक्त थांबेना. मासेमारीहून परतणाऱ्या एका होडीने आम्हाला उचललं. घरी आजी काही बोलली नाही. हळद दाबताना एवढंच म्हणाली, "पाणी भरूक लागला काय मागे फिरूचा, बाये. विचारत रवाचा नाय."

तर निघायचं ओहोटीच्या सव्वा-दीड तास आधी, उतरत्या पाण्यामागून. पाणी तळाला पोचलं की तुमचा चेहरा किनाऱ्याकडे हवा. भरती सुरुवातीला आळशी वाटते. सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्याचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एकच वाटा, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. पहिला तास बघून माणूस निर्धास्त होतो आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत अर्धा समुद्र आत येतो.

खडपावर रंग बघून पाय टाका. हिरवं दिसलं तर टाळा, ते ओलं असो की अर्धवट सुकलेलं. पांढरट, खरबरीत कवचं चिकटलेला खडक बुटाला धरून ठेवतो, पण तिथे हात टेकू नका. डोंगरात आपण तीन आधार धरतो, इथे हाताऐवजी काठी वापरा. सपाट रबरी तळाचे, नाडीचे जुने कॅनव्हास बूट चालतील. चप्पल नको, अनवाणी तर मुळीच नको. वाळूच्या पट्ट्यात पाऊल उचलून टाकू नका, घासत चला. वाळूत पाकट (चपटा मासा) अंग पुरून बसतं. पायाची चाहूल लागली तर ते निघून जातं, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं.

अजून एक. पद्मगड आणि भोवतालचे खडक 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात येतात. शंख, प्रवाळ, काही उचलायचं नाही. लेकीला आधीच सांगा, मुलं ऐकतात.

पुणेरी_पायवाट:
ताई, अष्टमी रद्द. मार्गशीर्ष वद्य तृतीया धरली. सोबत कुणी स्थानिक घ्यावं का?

दांडीची_पोर:
घ्याच. आदल्या संध्याकाळी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) जा, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या माणसांशी बोला. वाळूचा पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो, यंदाची वाट त्यांनाच ठाऊक. वारा जोराचा असेल आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नका.

पुणेरी_पायवाट:
जाऊन आलो! सात वाजून दहा मिनिटांनी निघालो. पुढे दांडीचे एक काका, मागे मी, मध्ये लेक. बायको आणि धाकटा किनाऱ्यावर थांबले. पट्ट्यावर पाणी घोट्याच्या वर चढलं नाही. शेवटची खडपं मात्र खरी कसोटीची होती. वीसेक पावलांना पंधरा मिनिटं लागली, कारण प्रत्येक खडकावर काका काठी टेकवून थांबत आणि मगच पुढे बोलावत. तटाचे दगड हाताला लागले तेव्हा लेक गप्पच झाली. समोर सिंधुदुर्गाची तटबंदी पाण्यातून वर आलेली, इतक्या जवळून आम्ही ती होडीतूनही पाहिली नव्हती. इथे महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधत, डागडुजी करत असं काकांनी सांगितलं, तर तिने विचारलं, "मग लाकूड कुठून आणायचे?" आता ते शोधणं आलं.

साडेआठला काकांनी हाक मारली. ती एका डबक्याशी उकिडवी बसून समुद्रफूल बघत होती. तिची सावली पडली की ते मिटायचं, सावली हटली की काही वेळाने एकेक पाकळी उघडायचं. बोट लावलं नाही तिने. "अजून दोन मिनिटं" म्हणाली. मी नाही म्हटलं, आणि ती उठली.