'स्वे बार'ला मराठीत काय म्हणाल? की काही म्हणूच नये?

निळीहोडी:
मंडळी, अडलंय. मावसभावाचं गॅरेज आहे हर्णैच्या अलीकडे. हल्ली त्याच्याकडे फायबरच्या होड्या आणि पाण्यावरच्या स्कूटरी ट्रेलरवर घालून नेणारी गिऱ्हाइकं येतात. सीझनला तारकर्ली, पाऊस लागायच्या आत परत घरी. महामार्गावर ट्रेलर मागे हलतो म्हणून गाडीचा मागचा स्वे बार, म्हणजे खालून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, जाड टाकून घ्यायची टूम निघाली आहे. बारच्या खोक्यात येणारं पत्रक इंग्रजीत, आणि गिऱ्हाइकाच्या हातात मराठीच द्यायचं हा भावाचा हट्ट. भाषांतर अर्थात माझ्या गळ्यात.

पहिल्याच वाक्याला गाडी रुतली. त्यात 'स्वे' दोनदा आहे: हा स्वे बार बसवला की ट्रेलरचा स्वे कमी होतो. मी लिहिलं, 'मागील डोलदांडा बसवल्यास ट्रेलरचे डोलणे कमी होते.' भावाने वाचलं आणि म्हणाला, "डोलदांडा? लेझीम खेळायचीय का गो?" दुसरा शब्द सुचवा. परवा छापायला जायचंय.

पाटाकमान:
ताई, गॅरेजात त्याला 'स्टॅबिलायझर' म्हणतात. फार तर 'स्टॅबिलायझर रॉड'. त्याच्या टोकाला लिंक रॉड, मधे चेसीला धरून ठेवतं ते रबरी डी बुश. 'स्वे बार' कुठलाच मेकॅनिक म्हणत नाही, 'डोलदांडा' तर नाहीच नाही. आणि 'अपग्रेड' छापू नका, 'जाड रॉड टाकला' एवढंच म्हणतात. तेवढं लिहिलं तर गिऱ्हाइकालाही कळेल.

कोकमसरबत:
आमच्याकडे स्टॅबिलायझर म्हटलं की फ्रिजखालचा खोका. वीज येते-जाते त्यामुळे घरटी एक असतोच. सासूबाईंना सांगितलं की गाडीचा स्टॅबिलायझर गेला, तर म्हणाल्या, गाडीत फ्रिज कधी घेतलात?

शब्दवेल्हाळ:
'स्टॅबिलायझर' हे मराठी नव्हे, याची कुणाला खंत नाही हे पाहून वाईट वाटलं. ज्या कोकणात, रत्नागिरीत, १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी भाषाशुद्धीचा झेंडा उभारला, त्या कोकणात आपण एका लोखंडी कांबीला नाव देऊ शकत नाही? 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' यांनाही लोक आधी हसलेच होते. माझी सूचना: 'संतुलक'. मागचा असेल तर 'पृष्ठसंतुलक'.

पाटाकमान:
पृष्ठसंतुलक म्हटलं तर गिऱ्हाईक पाठीला पट्टा बांधायला डॉक्टरकडे जाईल.

माकाखबरनाय:
आमच्या मालवणात गाडी मागसून हलाक लागली की 'शेपटी मारता' म्हणतत. बाराचा काय ता माका खबर नाय, पण 'बार' लिवलास तर लोक भलतीकडेच जातले.

दाभोळखाडी:
जरा थांबा. सगळे दांड्याचं नाव शोधतायत, पण गोंधळ नावात नाही, क्रियापदात आहे. त्या वाक्यातले दोन 'स्वे' म्हणजे दोन वेगळ्या हालचाली.

गाडी वळणावर एका अंगाला कलते, तो पहिला. हा दांडा इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला असतो, डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जोडतो. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो आपल्या बुशात नुसता फिरतो, काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली असं झालं की पिळला जातो आणि कलण्याला विरोध करतो. त्याचं काम इतकंच.

ट्रेलरचा 'स्वे' वेगळा. त्यात ट्रेलर कलत नाही, हुकाभोवती डावी-उजवीकडे फिरतो आणि गाडीचं बूड सोबत ओढतो. मालवणचे भाऊ म्हणतात ती शेपटी. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की हा दांडा त्या हालचालीवरचं औषध. मराठीत दोन्हीकडे 'डोलणे' लिहिलंत तर तीच फसगत आपण कारण नसताना आयात करू. माझं मत: पहिल्याला 'कलणे', दुसऱ्याला 'शेपटी मारणे'. दांड्याला काय वाटेल ते म्हणा.

जाता जाता: जहाजाच्या गणितात 'स्वे' म्हणजे आणखी तिसरंच, अख्खं जहाज आडवं सरकणं. तिथे कलण्याला रोल आणि नाळ डावी-उजवीकडे फिरण्याला यॉ. नोकरीत असताना यावरून नव्या पोरांची फार फिरकी घ्यायचो.

निळीहोडी:
दाभोळखाडी काका, हे भारी आहे. पण मग वाक्यच चूक ठरतं ना? दांड्याने शेपटी थांबत नसेल तर मी काय छापू?

पाटाकमान:
अगदीच चूक नाही. जाड रॉडने गाडीचं मागचं अंग ताठ राहतं. कडेने वारा आला, बाजूने मोठा कंटेनर गेला, तर गाडी कमी लचकते, ड्रायव्हरच्या हाताला बरं वाटतं. पण ट्रेलरवरचा माल चुकीचा भरला असेल तर कसलाही रॉड मारा, शेपटी मारणारच.

आणि जाड म्हणजे किती याला मर्यादा आहे. भरीव रॉडचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वीस मिलिमीटरचा काढून बावीसचा टाकला तर जाडी दहा टक्के वाढली, ताठपणा जवळजवळ ४६ टक्के. नुसता मागचाच वाढवला, पुढचा तसाच ठेवला, तर पावसात वळणावर गाडीचं बूड आधी सुटतं. आमच्याकडे एक जण चोविसचा मागायला आला होता. त्याला म्हटलं, आधी बुश बघू. बुश सुकून भेगाळले होते, लिंकची मुंडी हाताने हलत होती, खड्ड्यात टकटक वाजत होती. नवे बुश, नवी लिंक, रॉड जुनाच. चार महिने झाले, चोविसचा मागायला फिरकलेला नाही.

बाकी, मागे गुंडाळी स्प्रिंगऐवजी पाटे असलेल्या बऱ्याच गाड्यांना मागे हा रॉड नसतोच. त्यांना पत्रक देताना हेही सांगा. नाहीतर लोक खाली वाकून शोधत बसतात.

ओहोटी:
'कलणे' मला पटत नाही. होडी कलते म्हणजे एका बाजूला जाऊन तशीच राहते, पाणी आत येऊ लागतं. इथे गाडी जाते आणि परत येते. ते 'डुलणे'. 'डोलणे' आणि 'डुलणे' यांतही फरक आहे: डोलणं आनंदाने, डुलणं झोपेने.

शब्दवेल्हाळ:
दोन्हींचं मूळ संस्कृत 'दोल'. दोला, आंदोलन, हिंदोळा. फरक मागाहून पडला.

कोकमसरबत:
मग डोलकर म्हणजे आनंदाने डोलणारा ना? 'डोल' शब्द तर कोकणाचाच. ताईंनी डोलदांडाच ठेवावा, मला गोड वाटला.

ओहोटी:
नाही हो! हा गैरसमज गाण्या-नाचांमुळे पसरलाय. डोलकर म्हणजे डोल लावणारा. डोल हे जाळं आहे. लांब पिशवीसारखं, तोंड रुंद, शेपटाकडे निमुळतं. भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून रोवून ठेवतात, पाणी वाहून जातं आणि बोंबील, कोळंबी, जवळा आत राहतो. पाण्याची ओढ फिरायच्या आत उपसायचं. यात डोलायला वेळ कुणाला आहे?

माकाखबरनाय:
ती डोल तुमच्या उत्तरेकडची. आमच्याकडे रापण. सगळो गाव दोरी ओढता. डोलणा-बिलणा काय नाय, कंबरडा मोडता.

कोकमसरबत:
मग डोलकाठी? ती तरी डोलते म्हणून ना?

दाभोळखाडी:
डोलकाठी डोलायला लागली तर तांडेलाने देव आठवावा. ती ताठ उभी राहावी म्हणून तर एवढे दोर ताणतात. पण डोलणाऱ्या गलबतावरची काठी म्हणून डोलकाठी असंही कोणी म्हणेल, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

शब्दवेल्हाळ:
मूळ मुद्द्यावर येतो. दांडा पिळला जाऊन काम करतो असं काकांनीच लिहिलं. मग 'पीळदांडा' म्हणा! शुद्ध, अर्थवाही, दोन्ही अंगं देशी. 'संतुलक' मी मागे घेतो.

ओहोटी:
पीळदांडा चांगला आहे! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

पाटाकमान:
इथे उलटं आहे. स्प्रिंगचं पोलाद असतं, पीळ गेलाच पाहिजे. गेला नाही तर रॉड बसला म्हणायचं, भंगारात घाला. शिवाय पिळून काम करणारा दुसरा दांडाही काही गाड्यांना पुढे असतो, टॉर्शन बार, तो स्प्रिंगच्या जागी असतो. मग त्याला काय म्हणणार, पीळदांडा थोरला?

निळीहोडी:
'ट्रेलर'चं पण सांगा. भावाच्या गॅरेजात एक तांडेल बसले होते. मी विचारलं, ट्रेलर हलतो का? ते म्हणाले, समुद्रात हलणारच. त्यांना 'ट्रॉलर' ऐकू आलं.

माकाखबरनाय:
ट्रॉली म्हणा. ट्रेलर शिनेमाचो.

ओहोटी:
ट्रॉली ट्रॅक्टरची. आणि 'टोचन'ही घाला पत्रकात, 'टोचन करणे'. अस्सल मराठी, टोचणे वरून, हूक टोचतो म्हणून.

पाटाकमान:
टोचन म्हणजे टो-चेन. साखळी लावून ओढायचे ते. टोचण्याचा काही संबंध नाही. शिवाय टोचन बंद पडलेल्या गाडीला करतात. धडधाकट ट्रेलर हुकाला लावतात.

ओहोटी:
पुरावा?

पाटाकमान:
पुरावा म्हणजे साखळी. दुकानात आहे, बघायला या.

घाटमाथ्यावरून:
उशिरा आलो. तुमच्या 'शेपटी मारणे'चं कारण ज्या शब्दात आहे तो कोणीच काढला नाही: उलाळ. बैलगाडीत मागे जास्त ओझं भरलं की साटा मागे झुकतो, धुरा वर उचलल्या जातात, जू बैलांच्या मानेवरून सुटू बघतं. त्याला गाडी उलाळ झाली म्हणतात. वडील गाडी भरल्यावर जू हाताने उचलून बघायचे. हलकं लागलं की दोन पोती पुढे.

ट्रेलरचं तेच. हुकावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडला पाहिजे. होडीसकट ट्रेलर सहाशे किलोचा असेल तर हुकावर साठ ते नव्वद किलो. होडीचं इंजिन नेमकं मागच्या फळीला टांगलेलं असतं, त्यामुळे होडी मुळातच उलाळ. ती ट्रेलरवर पुढे सरकवून बांधायची, पेट्रोलच्या टाक्या आणि नांगर पुढे ठेवायचे. ताईंनी पत्रकात पहिलं वाक्य हेच टाकावं: 'ट्रेलर उलाळ भरू नये.' जुन्या माणसाला चार शब्दांत कळतं.

दाभोळखाडी:
वा! याला म्हणतात शब्द. त्याखाली आणखी एक घाला. शेपटी सुरू झाली तर ब्रेकवर उभं राहू नये, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये, वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नये. अॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावं. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो, तिथे आधीच हळू.

कोकमसरबत:
उलाळ हा घाटावरचा शब्द. कोकणात बैलगाड्या होत्याच कुठे एवढ्या? डोंगर चढायचे की गाडी हाकायची? इथल्या लोकांना नाही कळणार.

घाटमाथ्यावरून:
बाई, आंबे काय डोक्यावरून उतरत होते का बंदरात?

कोकमसरबत:
हो. पुष्कळसे डोक्यावरूनच.

माकाखबरनाय:
आणि होडयेतसून.

शब्दवेल्हाळ:
'उलाळ' नक्की 'उलाळ' की 'उलार'? हिंदीत 'उलार' आहे. र चा ळ झाला की ळ चा र, हे ठरल्याशिवाय छापू नये.

निळीहोडी:
छापखाना परवाचा उद्यावर आलाय! सध्याचा मजकूर असा: 'ट्रेलरवर होडी पुढे सरकवून बांधा, हुकावर पुरेसा भार ठेवा. मागचा स्टॅबिलायझर रॉड जाड टाकल्यास गाडी कमी कलते. मागे जास्त भार असेल तर ट्रेलर शेपटी मारेल, रॉड असो वा नसो.' भाऊ म्हणतो शेवटचं वाक्य काढ, रॉड खपणार नाहीत.

पाटाकमान:
वाक्य ठेवा. भावाला सांगा बुश विकायला. रॉडपेक्षा बुशच जास्त जातात. आणि बसवताना लिंकचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर टांगलेली असताना नाही, हेही छापा.

ओहोटी:
'कलते' नको, 'डुलते' करा.

दाभोळखाडी:
'कलते'च राहू द्या.

शब्दवेल्हाळ:
'रॉड' तरी काढा हो! 'कांब' आहे की आपल्याकडे.

कोकमसरबत:
कांब घरच्या खिडकीला असते. ते जाऊ दे, ते डोल जाळं हल्ली नायलॉनचं असतं का? आमच्या शेजारी एक काका सुताचं विणायचे, त्याला झाडाच्या सालीचा रंग द्यायचे. त्या रंगाला काय म्हणतात, कुणाला आठवतंय?